मेजावरची शोभा आणि तिची किंमत : कॉन्स्टन्स स्प्राय यांची गोष्ट

१/
सप्टेंबर २००४. लंडनच्या डिझाइन म्युझियमचे अध्यक्ष जेम्स डायसन यांनी पदाचा राजीनामा दिला. पिशवीविना चालणारा व्हॅक्यूम क्लीनर घडवणारे हे विख्यात उद्योजक. त्यांच्या नाराजीचे तात्कालिक निमित्त होते एक प्रदर्शन, आणि त्या प्रदर्शनाचा विषय होत्या ४४ वर्षांपूर्वी निवर्तलेल्या, फुलांची सजावट करणाऱ्या एक बाई : कॉन्स्टन्स स्प्राय.

२/
प्रदर्शनाच्या शीर्षकाचा आशय ‘चार पैशांत कोट्यधीश’ असा होता. संग्रहालयाने कारखान्यात घडणाऱ्या वस्तूंच्या गंभीर रचनेचा विचार करावा, शैलीचे प्रदर्शन मांडू नये, अशी डायसन यांची भूमिका. संग्रहालयाचे संस्थापक टेरेन्स कॉनरन यांनीही या निवडीवर टीका केली. परसातील पाने आणि स्वयंपाकघरातील भांडी यांवरून एवढे वादळ का उठावे? उत्तरासाठी काही शतके मागे जावे लागते.

३/
आपल्या पंगतीची शोभा पानाभोवतीच्या रांगोळीत असते. युरोपातील मेजवानीत ती मेजाच्या मधोमध असे, आणि तिचा पहिला हेतू यजमानाची ऐपत दाखवणे हा होता. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा आन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ मांडलेल्या मेजावर ताटल्या, सुऱ्या, इतकेच काय हात पुसायची वस्त्रेही साखरेची घडवलेली होती, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. साखर तेव्हा अत्यंत महाग होती. ती खाण्यापेक्षा तिची शिल्पे करून मिरवणे अधिक प्रतिष्ठेचे होते.

४/
अठराव्या शतकात साखरेची जागा चिनी मातीने घेतली. जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये कारखाना सुरू झाला, आणि साखरेच्या बाहुल्यांऐवजी मेजावर पोर्सिलेनच्या मूर्ती आल्या. काउंट ब्र्यूल या सॅक्सनीच्या मंत्र्यासाठी १७३७ ते १७४१ या काळात घडवलेल्या ‘हंस’ संचात दोन हजारांहून अधिक नग होते. इंग्लंडच्या श्रीमंत घरांत फळे व मिठाई मांडण्यासाठी अनेक फाट्यांचे चांदीचे उंच पात्र असे. त्याला ‘एपर्न’ म्हणत.

५/
एकोणिसाव्या शतकात वाढण्याची रीत पालटली. पूर्वी सारे पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात; पाहुणे हाताशी येईल ते घेत. नव्या, ‘रशियन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीत पदार्थ बाजूला ठेवून सेवक ते एकामागून एक वाढू लागले. त्यामुळे मेजाचा मध्य रिकामा पडला. ही रिकामी जागा भरण्याची गरज मध्यमवर्गीय घरांतही निर्माण झाली. मात्र तेथे ना हंसांचा संच होता, ना चांदीचे एपर्न.

६/
१८६१ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लंडनमध्ये मेजाच्या सजावटीची स्पर्धा भरवली. पहिले पारितोषिक टी. सी. मार्च यांच्या रचनेला मिळाले : काचेची एक सडपातळ दांडी, खाली पसरट थाळी, वर दुसरी थाळी, आणि दोहोंत फुले, फळे व नेचे. चांदीला मागे टाकून काचेने आणि फुलांनी बाजी मारली. ‘मार्च स्टँड’ हे नाव रूढ झाले आणि तशी पात्रे घरोघरी दिसू लागली.

७/
तरीही किंमत सुटली नाही. ती धातूतून फुलांत गेली. काचगृहात वाढवलेली, बिनमोसमी फुले हीच प्रतिष्ठेची मानली गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी फूलविक्रेत्याकडचा ठरावीक नमुना म्हणजे कार्नेशन आणि त्याभोवती नाजूक हिरवी पाने. कुंपणावर उगवते ते रान आणि दुकानात मिळते ते फूल, ही सीमारेषा पक्की होती. स्प्राय यांनी ओलांडली ती हीच रेषा.

८/
त्यांचा जन्म १८८६ मध्ये डर्बी येथे झाला. तरुणपणी आयर्लंडमध्ये त्यांनी आरोग्य, प्रथमोपचार व गृहशुश्रूषा यांवर व्याख्याने देण्याचे काम केले. १९२१ मध्ये त्या पूर्व लंडनमधील होमर्टन व साउथ हॅकनी येथील शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. चौदाव्या वर्षी शिक्षण सुटून कारखान्यात लागलेल्या मुलींसाठी ही अर्धवेळ शाळा होती. तेथे स्वयंपाक आणि शिवणकाम शिकवले जाई. पुढे स्प्राय यांनी त्यात फुलांची सजावटही आणली.

९/
या टप्प्याचे महत्त्व मोठे आहे. ज्या मुलींच्या घरी फुलांसाठी वेगळे पैसे असण्याची शक्यता नाही, त्यांना सजावट शिकवायची तर प्रश्नच बदलतो. ‘काय विकत आणावे?’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. ‘हाताशी आहे त्यात पाहण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न उरतो. स्प्राय यांचे पुढचे सारे काम या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचता येते.

१०/
१९२९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे दुकान काढले. त्याच सुमारास ओल्ड बाँड स्ट्रीटवरील ॲटकिन्सन्स या अत्तराच्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवण्याचे काम त्यांना मिळाले. त्या खिडक्यांत त्यांनी उंची फुलांच्या जोडीला कुंपणावरच्या रानवेली मांडल्या, आणि त्या पाहायला रस्त्यावर गर्दी जमू लागली. विकत घ्यायची वस्तू आणि वाटेवरची वस्तू एकाच मानाने शेजारी बसल्या होत्या.

११/
त्यांची सामग्री पाहण्याजोगी आहे. लाल गुलाबांसोबत केल, म्हणजे कोबीच्या कुळातील कुरळ्या पानांची भाजी. दगडफूल चढलेल्या फांद्या, गवताची तुरे आलेली पाती, वाळलेली बोंडे, रानफळे. पात्रे म्हणून रस्सा वाढायचे चोचीचे भांडे, सूपचे भांडे, भट्टीत ठेवायचे पत्र्याचे ताट, पक्ष्याचा पिंजरा, जुन्या बाजारात सापडलेले काहीही. फुले जागच्या जागी राहावीत म्हणून भांड्यात चुरगाळून बसवलेली तारेची जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच.

१२/
या साधेपणामागे शास्त्र होते. पसरट भांडे आणि आत लपलेली जाळी यांमुळे थोड्या डहाळ्यांतही रचना भरदार दिसते. रचना ठेंगणी असेल तर समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. लाकडी देठांची टोके ताजी कापून खोल पाण्यात ठेवली की ती अधिक पाणी ओढतात आणि पाने लवकर माना टाकत नाहीत. येथे खर्च होतो तो वेळ आणि लक्ष.

१३/
१९३४ मध्ये त्यांचे ‘फ्लॉवर डेकोरेशन’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी दुकान मेफेअर या धनिकवस्तीत हलले. तेथे सुमारे ७० जण कामाला होते. फुलहॅम पॉटरी या कारखान्यात त्यांच्या कल्पनेनुसार साच्यातून फुलदाण्या तयार होऊ लागल्या : पसरट तोंडाच्या, बिनझळाळीच्या, बहुधा पांढऱ्या. रस्स्याच्या भांड्याने जे शिकवले, ते आता कारखान्यातून बाहेर पडत होते.

१४/
विसंगतीही येथेच आहे. कुंपणावरच्या वेली मेफेअरच्या दुकानातून गेल्या की त्यांनाही भाव येतो. १९३७ मध्ये ड्यूक ऑफ विंडसर आणि वॉलिस सिम्प्सन यांच्या विवाहाची फुले स्प्राय यांनीच सजवली. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या सजावटीतही त्यांचा मोठा वाटा होता. साधेपणा धनिकांची नवी हौस झाला, आणि त्या हौसेवर त्यांचा व्यवसाय उभा राहिला. कॉनरन यांच्या टीकेला आधार होता तो याच बाजूचा.

१५/
दुसरी बाजूही तितकीच खरी. पुस्तके, व्याख्याने आणि फुलसजावटीचे वर्ग यांतून ही रीत दुकानाबाहेर पडली. युद्धकाळात बागांतून फुलांऐवजी भाजी पिकू लागली, तेव्हा स्प्राय यांनी ‘कम इन्टू द गार्डन, कुक’ (१९४२) हे परसबाग आणि स्वयंपाक यांची सांगड घालणारे पुस्तक लिहिले. भाजीच्या पानात रूप पाहायला शिकवणाऱ्या बाईंना हा विषय नवा नव्हता.

१६/
मग हे ‘डिझाइन’ म्हणायचे का? कारखान्यात घडलेली वस्तू हाच निकष धरला, तरी फुलहॅमच्या फुलदाण्या त्याला उतरतात. पण त्यांची मोठी निर्मिती वस्तूत नाही, पद्धतीत आहे : कोणालाही, कोणत्याही भांड्यात, कोणत्याही मोसमात पुन्हा करता येईल अशी पद्धत. वस्तूकडे बोट दाखवता येते, पद्धतीकडे येत नाही. म्हणून ती नजरेतून सुटते.

१७/
इतिहासलेखनाची अडचणही हीच. ब्र्यूलच्या संचातील हंस आजही काचेच्या कपाटात सुरक्षित आहेत. केलची पाने मात्र आठवड्यात कोमेजली, आणि काम झाल्यावर रस्स्याचे भांडे धुऊन पुन्हा स्वयंपाकघरात गेले. महागाचे टिकते, त्याची नोंद होते, त्याला संग्रहालय मिळते. घरात, हाताने, फुकटात केलेली शोभा केली त्याच दिवशी संपते. त्यामुळे मेजाचा इतिहास बहुतांशी चांदीचा आणि पोर्सिलेनचा लिहिला गेला.

१८/
मेफेअरमधील ग्राहकांची नावे आज सहज सापडतात. पण होमर्टनच्या शाळेतून संध्याकाळी घरी जाताना एखाद्या मुलीने कुंपणावरची डहाळी तोडली असेल, घरच्या भांड्यात नीट बसवली असेल आणि दोन पावले मागे सरून तिच्याकडे पाहिले असेल, तर त्या क्षणाचा कागद कोठेही नाही. स्प्राय यांचे काम सुरू झाले ते अशाच मुलींमध्ये.

(धागा समाप्त)