जुनी नोंद आणि नवा कायदा

तारणाचा कायदा बदलला म्हणजे जुन्या नोंदींचे काय होते? अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेच्या नवव्या प्रकरणाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पूर्वी सर्वसाधारण मालाच्या तारणाची नोंद माल ज्या राज्यात असे तेथे होई. १ जुलै २००१ पासून बहुतेक राज्यांत अंमलात आलेल्या सुधारणेने ती ऋणकोच्या राज्यात, आणि ऋणको कंपनी असल्यास तिची स्थापना जेथे नोंदली गेली त्या राज्यात, करणे आवश्यक ठरविले. जुनी नोंद मात्र तत्काळ निष्प्रभ झाली नाही. तिची मूळ मुदत, जी बहुधा पाच वर्षांची असे, किंवा ३० जून २००६, यांपैकी जे आधी येईल तोवर ती टिकली.

खरा धोका मुदतवाढीत होता. राज्य बदलले असता जुन्याच कचेरीत मुदतवाढीचा अर्ज देऊन काही साधत नसे. जुन्या नोंदीची कचेरी, तारीख व क्रमांक यांचा निर्देश करून, ती अद्याप अंमलात असल्याचे सांगणारी प्रारंभिक नोंद नव्या राज्यात करावी लागे. म्हणजे नव्या कायद्याविषयी अनभिज्ञ असा दक्ष धनको आणि निष्काळजी धनको यांची गत एकच! मुदत टळली की त्याचा हक्क नोंद केलेल्या दुसऱ्या धनकोच्या मागे पडे. त्यानंतर ऋणकोचे दिवाळे निघाल्यास विश्वस्त तो रद्दही करवून घेऊ शके.