जीपचा वायुशोधक

दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीचे वर्णन विपुल आढळते. तिच्या इंजिनाच्या श्वासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. १९४१ ते १९४५ या काळात तयार झालेल्या विलीस एमबी जीपवर तेलाचे भांडे असलेला वायुशोधक असे. आत येणारी हवा तेलाच्या पृष्ठाजवळ एकदम वळे. जड धूलिकणांना ते वळण साधत नसे व ते तेलात पडत. उरलेले कण तेलाने भिजलेल्या जाळीत अडकत.

१९४२ मध्ये ब्रिटिशांच्या छापामार तुकड्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जीप वापरू लागल्या, तेव्हा या साध्या भांड्याची खरी कसोटी लागली. वाळूतील क्वार्ट्झ सिलिंडरच्या बिडाहून कठीण. तो आत शिरला की दट्ट्याच्या कड्या झिजत. म्हणून गढूळ तेल काढून, भांडे धुऊन खुणेपर्यंतच नवे तेल भरावे लागे. अधिक भरल्यास ते इंजिनात ओढले जाई.

आज जुन्या जीपचे काही मालक कागदी शोधक पसंत करतात. सूक्ष्म धूळ अडविण्यात तो निःसंशय श्रेष्ठ आहे. हवेचा वेग मंदावला की तेलाच्या शोधकाची पकड सैल होते. तथापि मूळ भांडे भंगारात घालणे म्हणजे पुरावाच गमावणे होय. शिवाय शोधक कोणताही असो, कार्बुरेटरकडे जाणारी रबरी नळी आधी तपासावी. तिच्या चिरेतून शिरणारी धूळ शोधकाच्या वाट्यालाच येत नाही.