एक औषध, अनेक नावे : पॅरासिटामॉलच्या सुरक्षित वापराचा इतिहास आणि महाराष्ट्र

प्रस्तावना :

ताप व अंगदुखीवर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या औषधांत पॅरासिटामॉलचे स्थान आज अग्रभागी आहे. वैद्यकाच्या इतिहासलेखनात साथी, रुग्णालये आणि थोर संशोधक यांची नोंद होते. परंतु स्वयंपाकघरातील फळीवर ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्टीचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः समाज आणि औषध यांचा सर्वाधिक संबंध याच पट्टीच्या द्वारे येतो. हे औषध सुरक्षित मानले जाते ते कोणत्या अटींवर, आणि त्या अटी सामान्य माणसापर्यंत पोहोचल्या काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधाच्या सुरक्षिततेचे तीन भाग करता येतात : औषधाची शुद्धता, औषधाची निवड आणि औषधाची मात्रा. पहिल्या दोन भागांसाठी आपल्याकडे कायदे झाले, आयोग नेमले गेले, बंदीचे आदेश निघाले. तिसरा भाग मात्र घर व दुकान यांच्यावर सोपविला गेला. मात्रेचे भान राखण्यासाठी औषधाचे खरे नाव ठाऊक असावे लागते आणि नेमके तेच नाव व्यापारी नावांच्या गर्दीत झाकले गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नावाच्या गफलतीतून झालेला आरंभ :

या औषधकुळाच्या इतिहासाचा आरंभच एका गफलतीतून झाला. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे काह्न आणि हेप हे दोन वैद्य जंतांच्या विकारावर नॅप्थॅलीनचा प्रयोग करीत होते. औषधालयातून चुकून ॲसिटॅनिलाइड हा वेगळाच पदार्थ आला आणि त्याने रुग्णाचा ताप उतरला. हा पदार्थ पुढे ‘अँटिफेब्रिन’ या नावाने बाजारात आला. पण त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, हेही लवकरच दिसून आले. त्याचा पर्याय म्हणून १८८७ मध्ये फेनासेटिन पुढे आले.

पॅरासिटामॉल अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मोर्स यांनी १८७८ च्या सुमारासच तयार केले होते. १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी रुग्णांवर त्याचा वापर केला; परंतु ते फेनासेटिनपेक्षा अधिक घातक असल्याचा समज झाल्याने सुमारे अर्धशतक ते मागे पडले. १९४८ मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड यांनी ॲसिटॅनिलाइडचे शरीरात पॅरासिटामॉलमध्ये रूपांतर होते व ताप-वेदनेवरील गुण त्याचाच असतो, हे दाखविले. १९५५ मध्ये अमेरिकेत व १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ते विक्रीस आले. दीर्घकाळ घेतलेल्या फेनासेटिनमुळे मूत्रपिंडे निकामी होतात, हे स्पष्ट होत गेले तसे पॅरासिटामॉलचे महत्त्व वाढले. अमेरिकेत याच औषधाला ‘ॲसिटामिनोफेन’ म्हणतात. दोन्ही नावे एकाच रासायनिक संज्ञेतील निरनिराळी अक्षरे उचलून बनली आहेत.

‘निर्धोक’ ही त्याची ख्याती १९६६ मध्ये मर्यादित झाली. एडिंबरा येथील डेव्हिडसन आणि ईस्टहॅम यांनी अतिमात्रेमुळे यकृताच्या पेशी नष्ट होऊन झालेल्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यामागील प्रक्रिया १९७३ च्या सुमारास उलगडली. पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन हे शरीरातील द्रव्य त्याला निष्प्रभ करते. मात्रा अतिरेकी झाली की हा साठा संपतो आणि तेच विष यकृताच्या पेशींवर उलटते. १९७० च्या दशकातच ॲसिटिलसिस्टीन हा उतारा हाती आला. तात्पर्य, हे औषध सुरक्षित आहे ते एका मर्यादेच्या आत.

शुद्धता आणि निवड : कायद्याची दोन पावले :

भारतात कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने (१९३०-३१) भेसळ व निकृष्ट औषधांचा प्रश्न मांडला आणि त्यातून १९४० चा औषध कायदा आला. कायदा असूनही शुद्धता कशी धोक्यात येते, याचा दारुण अनुभव महाराष्ट्राने १९८६ मध्ये घेतला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, चाचणी आणि प्रशासन या तिन्ही पातळ्यांवरील दोष उघड केले. तेथील औषध ताप उतरविण्याचे नव्हते. पण हेच विष पुढे तापाच्या औषधात शिरले. १९९० च्या दशकारंभी बांगलादेशात आणि १९९५-९६ मध्ये हैतीत दूषित पॅरासिटामॉल सिरपने शेकडो बालकांची मूत्रपिंडे निकामी केली. दोष पॅरासिटामॉलचा नव्हता, ते ज्या द्रवात मिसळले त्या द्रवाचा होता.

दुसरे पाऊल निवडीचे. रक्तातील पांढऱ्या पेशी घटविणाऱ्या ॲमिडोपायरीन या तापनाशकावर भारतात १९८३ मध्ये बंदी आली. निमेसुलाइड हे औषध यकृताच्या धोक्यामुळे २००२ मध्ये फिनलंड व स्पेन यांनी मागे घेतले. भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी येण्यास फेब्रुवारी २०११ उजाडले. मधल्या काळात या औषधाविरुद्धचा आवाज प्रामुख्याने आरोग्य चळवळींनी उठविला. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना आणि डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अनावश्यक व अशास्त्रीय औषधमिश्रणांचा प्रश्न मराठी वाचकांपर्यंत नेला, याची येथे नोंद घेणे अगत्याचे आहे.

मात्रा आणि नाव : अपुरे राहिलेले तिसरे पाऊल :

जयसुखलाल हाथी समितीने १९७५ च्या अहवालात व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली. त्यानंतरच्या धोरणात पाच औषधांपासून आरंभ करण्याचे ठरले. त्या पाचांपैकी ॲस्पिरिन आणि ॲनाल्जिन ही दोन वेदना-तापाचीच औषधे होती, ही बाब लक्षणीय आहे. उत्पादकांनी न्यायालयात धाव घेतली आणि हा उपक्रम बारगळला. परिणामी आपल्या समाजाने औषध ओळखले ते क्रोसिन, सॅरिडॉन, ॲनासिन, डोलो अशा नावांनी. त्यांच्या पोटात कोणते द्रव्य किती आहे, हे ज्ञान मागे राहिले.

२०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते. परंतु तीन किंवा अधिक द्रव्यांच्या मिश्रणांना यातून सूट आहे. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्या नेमक्या याच वर्गात मोडतात. म्हणजे जेथे नाव वाचण्याची गरज सर्वाधिक, तेथेच ते लहान अक्षरांत राहू शकते.

याचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये, ही सर्वमान्य कमाल मर्यादा आहे. तापासाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेतल्या तर २६०० मिलिग्रॅम होतात. सर्दीसाठी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली दुसरी गोळी तीन वेळा घेतली तर १५०० ची भर पडते. गुडघेदुखीसाठी चालू असलेल्या मिश्रगोळीत ३२५ मिलिग्रॅम असेल आणि ती दोनदा घेतली तर आणखी ६५०. बेरीज ४७५० होते. रुग्णाच्या मते त्याने तीन निरनिराळी औषधे नेमस्त प्रमाणात घेतली; यकृताच्या लेखी मात्र ते एकच औषध होते. मद्यपी, कुपोषित, दीर्घ उपवास करणारे व यकृताचे रुग्ण यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते.

बालकांच्या बाबतीत गफलत अधिक सहज होते. त्यांची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते : एका वेळी दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही. दहा किलोच्या बालकाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम लागतात. मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम असलेले थेंब सिरप समजून पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, म्हणजे किमान तिपटीहून अधिक. दोन्ही बाटल्यांवर औषधाचे नाव मात्र तेच असते. यावरून नावासोबत अंकही वाचणे किती आवश्यक आहे, हे ध्यानात येते.

पुंडलिकनगर : स्थानिक संदर्भ :

हा प्रश्न आपल्या परिसरात कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) गारखेडा भागातील पुंडलिकनगरचे उदाहरण घेता येईल. कामगार व निम्नमध्यमवर्गीय कुटुंबांच्या अशा दाट वस्तीत तापाचा उपचार दवाखान्यातून नव्हे, तर बहुधा औषध दुकानातून सुरू होतो. पुष्कळदा दवाखान्यातूनही गोळ्या कागदी पुडीत सुट्या मिळतात. त्या पुडीवर नाव नसते, अंक नसतो. रुग्ण ‘पांढरी’ आणि ‘पिवळी’ गोळी एवढेच ओळखतो. घरी त्याच द्रव्याची आणखी एक पट्टी असेल तर ते कळण्याचा मार्गच उरत नाही.

१९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘के’ पॅरासिटामॉल व ॲस्पिरिनच्या गोळ्या परवान्याविना विकण्याची मुभा देते. पण ती केवळ हजारापर्यंत लोकसंख्येच्या, परवानाधारक विक्रेता नसलेल्या गावांना आणि मूळ न उघडलेल्या वेष्टनातूनच. शहरातील किराणा दुकानात कात्रीने कापून दिली जाणारी सुटी गोळी या सवलतीत बसत नाही. कापलेल्या तुकड्यावर अनेकदा ना पूर्ण नाव राहते, ना मुदतीची तारीख. वेष्टनाची ही अट म्हणजे नाव वाचता यावे याचीच तरतूद आहे.

या शहराच्या बाबतीत निवडीचा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. गेली अनेक वर्षे येथील वस्त्यांनी कित्येक दिवसांच्या अंतराने येणारे नळाचे पाणी टाक्या व ड्रममध्ये साठवून ठेवले. अशा साठ्यात डेंग्यूचे डास वाढतात. डेंग्यूच्या शंकेत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावयाचे असतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी पॅरासिटामॉल हाच पर्याय उरतो. परंतु डेंग्यूत यकृतालाही इजा होत असल्याने त्याची मर्यादा पाळणे अधिकच अगत्याचे ठरते. ‘ताप उतरत नाही म्हणून आणखी एक’ हा प्रघात येथे घातक ठरू शकतो. तसेच ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या वा रक्तस्राव दिसल्यास रुग्णालय गाठावे. तो काळच डेंग्यूत धोक्याचा असतो.

अतिमात्रा झाल्यास पहिल्या दिवशी रुग्ण बरा दिसतो आणि यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. उतारा मात्र पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी असतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, रिकामी पट्टी सोबत घेऊन, घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ जाणे श्रेयस्कर.

समारोप :

ब्रिटनने १९९८ मध्ये एका वेष्टनात किती गोळ्या असाव्यात यावर मर्यादा घातली : साध्या दुकानात १६, औषधालयात ३२. त्यानंतर तेथे अतिमात्रेमुळे होणारे मृत्यू घटल्याचे अभ्यासांतून दिसून आले. मात्रेचा प्रश्न केवळ व्यक्तीच्या शहाणपणाचा नसून तो धोरणाचाही आहे, हे यावरून सिद्ध होते. आपल्याकडे मिश्रणांवरील सूट रद्द करणे, पुडीवर नाव व मात्रा लिहिणे बंधनकारक करणे आणि वेष्टनावर मूळ नाव मराठीतही छापणे, ही तीन पावले दूरची नाहीत.

तोपर्यंतचे काम शिक्षणसंस्थांचे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रक्तगट तपासणीबरोबरच घरातील पट्ट्या मांडून त्यांवरील मूळ नाव व मिलिग्रॅम वाचण्याचा एक तास ठेवता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही. दीड शतकाच्या संशोधनाने या औषधाची मर्यादा निश्चित करून दिली आहे. ती मर्यादा आकडा म्हणून घराघरांत पोहोचविणे एवढेच शिल्लक आहे.