फिरंगी पातं, मुल्हेरी मूठ

पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५मध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. तेव्हा चर्चा झाली ती किमतीची आणि घरवापसीची. मला मात्र त्या तलवारीत एका जुन्या प्रश्नाचं उत्तर दिसलं: एखादी तलवार कुठली, हे ओळखायचं कशावरून?

या तलवारीचं पातं सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचं आहे. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचं कोफ्तगरी काम. मुल्हेर म्हणजे बागलाणातलं, आजच्या नाशिक जिल्ह्यातलं. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब. पातं एका मुलखाचं, मूठ दुसऱ्या, मालक तिसऱ्या. तरीही ही मराठा तलवारच.

यात नवल काही नाही. युरोपातली पाती व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या मुठी चढवत. अशा तलवारीला ‘फिरंगी’ नावच पडलं. पात्यावरच्या युरोपीय खुणांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण त्या खुणांना बाजारात मान होता आणि आपले लोहार त्यांची हुबेहूब नक्कल करत.

म्हणून आधी मूठ पाहावी. आडवी परज, मधे फुगीर पकड आणि वर तबकडी असेल, तर ती उत्तरेपासून दख्खनपर्यंत पसरलेली, मोगली वळणाची मूठ. बोटांवरून पट्टी गेलेली, हाताला रुंद पत्र्याचं संरक्षण आणि तबकडीच्या वर दांडीसारखं टोक असेल, तर खांडा किंवा फिरंगी. ते टोक दुसऱ्या हाताने धरून दुहाती वार करता येतो. कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी मूठ म्हणजे दांडपट्टा. कोडगूची आयुधकत्ती तर पुढे वाकलेली आणि रुंद पात्याची. ती म्यानात नव्हे, कमरेमागच्या पितळी अडकणीत राहते.

मुठीनंतर म्यान. दोन पातळ लाकडी फळ्या, वर चामडं किंवा मखमल, तोंडाला आणि टोकाला धातू. वाळवी आणि दमट हवा यातलं फारसं काही टिकू देत नाही, आणि टिकलेलं म्यानही पुष्कळदा नंतरचं असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंगो तलवारींचं गणित असंच आहे. पातं बहुधा युरोपातून आलेलं; ओळख पटते ती टोकाशी पानासारखी रुंदावणाऱ्या म्यानावरच्या चामडीकामातून. दोन्हीकडे पोलाद परक्याचं आणि हात गावातल्या कारागिराचा.

वऱ्हाडात हा गुंता आणखी वाढतो. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. १५७४मध्ये ते राज्य अहमदनगरच्या निजामशाहीने घेतलं, १५९६मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं. अठराव्या शतकात इथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअमली चालली, म्हणजे एकाच गावचा वसूल दोघांत वाटला जाई. २९ नोव्हेंबर १८०३ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्या किल्ल्याचा किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत होता. इतक्या फौजा जिथून गेल्या, तिथे सापडलेली तलवार तिथलीच असेल असं कसं म्हणावं? ‘वऱ्हाडी घाट’ असा शिक्का मारायला माझा हात म्हणूनच धजत नाही.

आणि तरी आपण तिला एका दमात ‘शिवकालीन’ म्हणून मोकळे होतो. खंडेनवमीला, जिच्या नावातच खांडा आहे, घरोघरची शस्त्रं देव्हाऱ्यापुढे येतात. त्याआधी पॉलिश कागदाने ती लख्ख घासली जातात. गंजाबरोबर पोलादावरची जौहराची नक्षी, कोफ्तगरीचं सोनं, एखाद्या नावाची पुसट अक्षरंही जातात. रघुजींच्या पात्यावरची अक्षरं अशीच घासली गेली असती, तर लिलावात ती एक चांगली फिरंगी एवढीच उरली असती.

पूजा जरूर करावी. पण घासणं थांबवावं, मऊ कापडाने तेलाचा हलका हात फिरवावा, जुनं म्यान फाटलं म्हणून टाकू नये. आणि तलवार घरात कुणाकडून, कुठल्या गावाहून आली हे आजी-आजोबांना विचारून तारखेसह लिहून ठेवावं. ही माहिती पोलादावरून वाचता येत नाही.