नैराश्यावरील औषध: आधी त्रास, मग गुण

नैराश्यावरील प्रचलित औषधांचा मेंदूतील सिरोटोनिनवर परिणाम काही तासांतच सुरू होतो. मन मात्र सावरू लागते ते काही आठवड्यांनी. हे कोडे उलगडणाऱ्या इतिहासाचा एक धागा मुंबईत सापडतो.

१९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचा गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये या वनस्पतीतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी झाल्या. ते मेंदूतील सिरोटोनिन घटवते, असेही १९५५ मध्ये दिसले. उलट, क्षयावरील इप्रोनियाझिडने काही रुग्ण उल्हसित झाले. यातून नैराश्य म्हणजे अशा द्रव्यांची उणीव, हे गृहीतक रुजले.

परंतु केवळ उणीव भरून काढणे पुरेसे असते, तर गुणही तासांतच आला असता. चेतापेशींचे ग्राही व त्यांच्यातील जोडण्या सावकाश बदलत असाव्यात, असे आता मानले जाते.

म्हणूनच झाशीत असो वा मुंबईत, औषध सुरू करणाऱ्याने हा क्रम जाणून घ्यावा. मळमळ, डोकेदुखी, झोपेतील बिघाड आधी जाणवतात व बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गुण साधारणतः दोन ते सहा आठवड्यांत दिसतो. या मधल्या काळात निराश होऊन औषध परस्पर थांबवू नये. अस्वस्थता वाढल्यास किंवा आत्महत्येचे विचार आल्यास तत्काळ डॉक्टरांना गाठावे. पंचविशीच्या आतील रुग्णांबाबत ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.