कोपऱ्यातून फळीवर

आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात कपाट आहे आणि दुसऱ्यात बाल्कनीचं दार. पॉल क्लिप्श यांचा स्पीकर कुणी फुकट दिला तरी मी ठेवणार कुठे?

अमेरिकेत आर्कान्सातल्या होप गावी क्लिप्श यांनी 1946 साली क्लिप्शहॉर्न हा कर्ण्याचा स्पीकर विकायला काढला. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर. ती कर्ण्यातून नीट बाहेर यायची, तर कर्ण्याचं तोंड अवाढव्य हवं. क्लिप्श यांनी कर्णा घड्या घालून लाकडी पेटीत बसवला आणि शेवटचा पसरट भाग घरावरच सोपवला: कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि जमीन. गवंडीसुद्धा त्या स्पीकरचा भागीदार! मोबदल्यात एवढ्याशा अँप्लिफायरवर घर दणाणायचं, आणि त्या काळी वॅट महाग होते.

स्पीकरचे दुसरे संशोधक एडगर व्हिलचर यांनी मात्र घराला हात लावला नाही. त्यांची तक्रार स्पीकरच्या कागदी कोनाबद्दल होती. कोनाला जागेवर आणणाऱ्या ताठ कडा मोठ्या हालचालीत तिच्या प्रमाणात ओढत नाहीत, म्हणून खर्ज बिघडतो. त्यांनी कडा सैल केल्या, पेटी हवाबंद केली आणि स्प्रिंगचं काम आतल्या हवेला दिलं. पहिल्या नमुन्याच्या कडेला गादीच्या खोळीचं कापड होतं. ते बेतलं त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी. मला या साऱ्या इतिहासातला हाच तुकडा सर्वांत आवडतो. हेन्री क्लॉस हा व्हिलचर यांचा विद्यार्थी जोडीला आला आणि 1954 साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च कंपनी उभी राहिली. त्यांच्या एआर-1 मधला खर्जाचा स्पीकर बारा इंची, तरी पेटी जेमतेम दोन फूट लांब. मात्र ही पेटी वॅट खायची.

1958 साली स्टीरिओ तबकड्या दुकानांत आल्या. आता स्पीकर दोन हवेत, म्हणजे क्लिप्शहॉर्नला दोन मोकळे कोपरे, तेही एकाच भिंतीचे. इथे छोट्या पेटीने बाजी मारली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात अकूस्टिक रिसर्चची ऐकण्याची खोली होती. तिथे विक्री नव्हती, नुसतं ऐकायचं.

पेट्या पुस्तकांच्या फळीवर गेल्या खऱ्या. पण भिंत जवळ आली की खर्ज फुगतो, हेही शौकिनांच्या कानांनी टिपलं. मग पुढच्या पिढीने त्याच छोट्या पेट्या स्टँडवर चढवून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणल्या, ऐन येण्याजाण्याच्या वाटेत.