फरशीखालचा विस्तव

आमच्या न्हाणीघराची फरशी उकरून टाईल्सखाली विजेची तार घातली, हे कळल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, "हे परदेशी थेर कशाला?" थेर म्हणा हवं तर, पण परदेशी म्हणू नका. जमिनीखालून ऊब देऊन अंघोळ करायची युक्ती दोन हजार वर्षांची आहे आणि मेळघाटापलीकडे तिची भावंडं चारशे वर्षांपूर्वीच नांदत होती.

रोमन लोकांच्या स्नानगृहात जमीन अधांतरी असे. विटांचे दोन-दोन फुटी खांब, त्यांवर मोठ्या लाद्या, वर चुन्याचा थर. बाजूच्या भट्टीतली गरम हवा या पोकळीतून फिरे आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर निघून जाई. विट्रुव्हियस नावाच्या वास्तुकाराने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात ही मापं लिहून ठेवली आहेत. भट्टीत लाकडं सारणारे बहुतेक गुलाम असत आणि नहाणाऱ्यांना ते दिसतही नसत. कोरियात वेगळी तऱ्हा. तिथे चुलीचा धूर खोलीच्या दगडी जमिनीखालून नेत, म्हणजे स्वयंपाक होता होता जमीनही तापे.

आपल्याकडचा नमुना बघायचा तर परतवाडा, धारणी करत तापीकाठच्या बऱ्हाणपूरला जा. मुमताजमहल 1631 साली याच शहरात बाळंतपणात गेली. तिथल्या शाही किल्ल्यातला हमाम अजून उभा आहे, छतावरची रंगीत नक्षीही टिकून आहे. मुघल हमामात कपडे बदलायची, थंड आणि गरम अशा वेगवेगळ्या खोल्या असत. पाणी भिंतीतल्या मातीच्या नळांतून येई आणि भट्टी बाहेरच्या अंगाला असे. म्हणजे इथेही ऊब आत आणि विस्तव नजरेआड.

वऱ्हाडातल्या साध्या घरांनी मात्र विस्तव लपवला नाही. न्हाणीजवळ चूल नाहीतर तांब्याचा बंब असे. बंबाच्या मधल्या नळीत पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवरीचे तुकडे आणि भोवती पाणी. जमिनीवर दगडी फरशी आणि बसायला लाकडी पाट. या पाटात मोठं शहाणपण आहे. पहाटे लाकूड आणि दगड दोन्ही सारखेच गार असतात, पण दगड पायातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, लाकूड तशी ओढत नाही. टाईलही दगडाचीच बहीण.

विस्तव डोळ्यांसमोर असल्यामुळे जयणाही पाळता येई. आमच्या आजेसासूबाई प्रत्येक पऱ्हाटी जमिनीवर दोनदा आपटून मगच बंबात घालायच्या, आतली किडा-मुंगी निघून जावी म्हणून. अग्निकाय जीवांची विराधना टळत नाही, पण किती आणि कशासाठी, याचा हिशेब रोज सकाळी हातात असे. साधू-साध्वी अंघोळच करत नाहीत. ती सवलत आपल्या श्रावकांची, म्हणून हिशेबही आपलाच.

मग गॅस आला, गिझर आला, बंब माळ्यावर गेला. घरातला विस्तव विझला असं आपल्याला वाटतं, पण तो फक्त लांब गेला. आमच्या नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतच औष्णिक वीज केंद्र आहे. 270 मेगावॉटचे पाच संच, एकूण 1350 मेगावॉट. अशा केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर चक्र फिरतं. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो, बाकीची वाया जाते. या केंद्राला पाणी अप्पर वर्धा धरणाचं. सिंचनाचं पाणी विजेकडे वळवण्याविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी आंदोलनंही केली. बटण दाबताना यातलं काहीच दिसत नाही. रोमन नहाणाऱ्यांना भट्टीवरचा गुलाम दिसत नव्हता, तसंच.

एवढं माहीत असून तार का घातली? सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गार टाईलवर त्यांचे पाय बधिर होतात, मग घाई होते आणि तोल जातो. पाटावर चढ-उतर करणं आता गुडघ्यांना झेपत नाही. थंडीच्या धास्तीने त्यांची अंघोळ उन्हं वर येईपर्यंत लांबू लागली आणि अंघोळीशिवाय पूजेचे कपडे नाहीत, म्हणून सकाळची पूजाही चुकू लागली. त्या बोलल्या नाहीत, पण आम्हाला दिसत होतं.

अंघोळीची जागा दीड चौरस मीटर. चौरस मीटरला 150 वॉट धरले तर 225 वॉट होतात. दोन तासांत अर्ध्या युनिटहून थोडं कमी. दोन हजार वॉटचा गिझर पाव तासात तेवढंच खातो.

काम करवून घ्याल तर काही गोष्टी पक्क्या ठेवा. तार ओल्या जागेसाठीच बनवलेली हवी. ती कापायची नाही, एकीवर एक येऊ द्यायची नाही आणि जाळीपासून लांब ठेवायची. अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि टाईल्स बसल्यावर अशी तीनदा मीटर लावून तपासायची, कारण नंतर दोष निघाला तर फरशीच फोडावी लागते. वॉटरप्रूफिंगचा थर अखंड हवा, जाळीकडचा उतार जसाच्या तसा हवा. तापमानाचा सेन्सर फरशीत बसतो, पण त्याचं बटण न्हाणीघरातल्या पाण्यापासून दूर. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी यांशिवाय काम सुरूच करू देऊ नका. जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी.

एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. फरशी लवकर वाळते, त्यामुळे कोपऱ्यातलं शेवाळ आणि बुरशी कमी झाली. शेवाळ म्हणजे अनंतकाय, ते मुळात वाढूच न देणं हीसुद्धा जयणाच. उतारावर पाणी साचलं तर तेवढं आम्ही पुसून घेतो.

आमच्याकडे ही तार मार्गशीर्ष ते माघ एवढीच चालते, तीही पहाटे दोन तास आणि सासूबाईंसाठी. त्या बाहेर आल्या की बंद. आम्ही बाकीचे पाट वापरतो. तुमच्या घरात सगळ्यांचे पाय आणि गुडघे धड असतील, तर फरशी उकरू नका. माळ्यावरचा पाट काढा, तेवढा पुरेसा आहे.